फेसाची साक्ष

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं नवी गादी आली. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घेण्याची खटपट आतां कोण करतो, आणि करावयाची म्हटली तरी पिंजारी कोठें सांपडतो ! यवतमाळ शहराला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यांत, म्हणजे ऐन कापसाच्या मुलखांत राहून, कापसाची गादी दुर्मिळ व्हावी यावर दोन शब्द बोलण्याचें माझ्या ओठांवर आलें होतें. तोंच धाकट्या नातवानें गादीवर उडी घेऊन विचारलें, "आजोबा, दुकानदार म्हणाला, ही फोमची गादी आहे. आमच्या पुस्तकांत तर फोम म्हणजे फेस असें दिलें आहे. मग फेसावर निजलों तर आपण बुडणार नाहीं का ?"

घरांतील सर्व मंडळी हंसली. मला मात्र हंसूं आलें नाहीं. मॅट्रिक होऊन शाळेंत शिक्षक म्हणून लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत मीं मुलांना संस्कृत आणि इंग्रजी शिकविलें. 'फोम म्हणजे फेस' हा अर्थ फळ्यावर मीं किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. पण गादींत फेस कसा, हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानें विचारला नव्हता आणि मलाही कधीं सुचला नव्हता. त्या दिवसापासून फेसाचा जो विचार सुरू झाला तो थांबेना. त्या विचारानें मला अखेर माझी एक जुनी चूक दाखविली. ती कबूल करण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आपला 'फेस' हा संस्कृत 'फेन' शब्दाच्या कुळांतला. इंग्रजांचा 'फोम' हाही त्याच कुळांतला. लॅटिन भाषेंतील 'स्पूमा' आणि रशियन भाषेंतील 'पेना' हीं त्याचींच भावंडें. म्हणजे नातवाच्या पुस्तकांतील परका वाटणारा शब्द हा आपल्या फेनाचा चुलतभाऊ आहे. तो दूरदेशीं राहिला म्हणून त्याचा पोशाख बदलला, इतकेंच.

परंतु पोशाखाबरोबर व्यवहारही बदलला. इंग्रजींत फेसाला एकच नांव पुरत नाहीं. पेयावरचा हलका फेस तो 'फ्रॉथ'; दाढीच्या साबणाचा दाट फेस तो 'लॅदर'; कपडे धुतांना बादलींत फुगून येतो तो 'सड्स'; उकळत्या पातेल्यावर जमणारा मळकट थर तो 'स्कम'; आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा फेसाळ पसारा तो 'सर्फ'. हा शेवटचा शब्द आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९५९ सालीं हिंदुस्थानांत कपडे धुण्याची भुकटी या नांवानें विक्रीस आली, आणि समुद्राच्या लाटेचें नांव आमच्या मोरींतल्या डब्यावर येऊन बसलें.

मराठीची रीत वेगळी. आपण निरनिराळीं नांवें देत बसलों नाहीं. आपण फेसाचें क्रियापद केलें. आपल्या गृहिणी मोहरी 'फेसतात'. मोहरीची पूड पाण्यांत घोटून घोटून तिचा असा फेस काढावयाचा कीं, तिचा झणका नाकांत शिरून डोळ्यांतून बाहेर पडावा. त्याशिवाय लोणच्याला चव नाहीं. वड्यांसाठीं उडदाची डाळ वाटून फेसतात. कारण फेसण्यानें पिठांत हवा शिरते आणि वडा हलका होतो. वरणाच्या पहिल्या उकळीचा फेस पळीनें काढून टाकतात. लोणी कढवितांना आधीं फेस वर येतो, तो बसला कीं तूप होत आल्याची खूण समजतात. गुऱ्हाळांत उसाच्या रसावर येणारा फेस मळीबरोबर काढून टाकतात. ती राहिली तर गूळ काळा पडतो. म्हणजे स्वयंपाकघरांत फेस कधीं हवासा, कधीं नकोसा, पण नेहमीं कांहींतरी सांगणारा असतो. हें 'सांगणें' वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच आहे.

आतां गादीचें कोडें सोडवूं. फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पडद्यांनीं कोंडलेली हवा. हा द्रव जागच्या जागीं थिजला तर आंतले बुडबुडे तसेच राहून घट्ट फेस तयार होतो. वाफवलेली इडली हा असा थिजलेला फेसच होय. ज्वालामुखीच्या रसांतून वायु फसफसून निघतांना तो रस एकदम निवला तर त्याचा इतका हलका दगड बनतो कीं तो पाण्यावर तरंगतो. पाश्चात्य देशांत टाचा घासावयास हा दगड वापरतात, आणि त्याचें 'प्युमिस' हें नांवही लॅटिन फेसाच्याच मुळापासून निघालें आहे. १९२९ सालीं इंग्लंडमध्यें रबराच्या चिकाला फेस आणून तो साच्यांत थिजविण्याची युक्ति डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेंत साधली, आणि फेसाची गादी जन्मास आली. आज रबराच्या जागीं बहुधा कृत्रिम रसायनांचा फेस असतो. तेव्हां नातवाची शंका अगदींच वेडगळ नव्हती. आपण खरोखरच फेसावर निजतों. तो थिजलेला आहे म्हणून बुडत नाहीं, एवढेंच.

फेसाचा हा धड द्रव नव्हे आणि धड घनही नव्हे असा स्वभाव आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून सुटला नव्हता. इंद्रानें पाण्याच्या फेसानें नमुचीचें मस्तक उडविलें हा उल्लेख ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांत आहे, आणि त्याची सविस्तर कथा महाभारताच्या शल्यपर्वांत आहे. इंद्रानें नमुचीशीं सख्य करून शपथ वाहिली होती कीं, तुला ओल्यानें मारणार नाहीं, सुक्यानें मारणार नाहीं, रात्रीं मारणार नाहीं, दिवसां मारणार नाहीं. पुढें धुकें पडलेलें पाहून इंद्रानें फेस उचलला आणि वचनाच्या अक्षराला धक्का न लावतां मित्राचा गळा कापला. परंतु तें तुटलेलें मस्तक 'मित्रघातक्या' असें म्हणत त्याच्या मागें लागलें, आणि अरुणा नदींत स्नान केल्यावांचून इंद्राची त्या पातकांतून सुटका झाली नाहीं. शब्दांतून पळवाट काढतां येते; पापांतून येत नाहीं, हें या कथेचें मर्म मीं मुलांना अनेक वेळां सांगितलें आहे.

त्याच गुणाचा सदुपयोगही माणसानें केला आहे. तेलाच्या आगीवर पाणी ओतून भागत नाहीं. तेल पाण्यावर तरंगत राहतें आणि आग पसरते. बाकू येथील तेलाच्या विहिरींच्या परिसरांत राहणाऱ्या अलेक्झांडर लोरान या रशियन शिक्षकानें १९०२ सालीं अशा आगीवर फेसाचें पांघरूण घालण्याची युक्ति शोधून काढली. फेस तेलाहून हलका, म्हणून तो वर राहतो आणि आगीचा वारा तोडतो. एका शिक्षकानें हें केलें याचा मला, सहव्यवसायी म्हणून, थोडा अभिमान वाटतो.

आतां वाक्प्रचारांकडे वळूं. इंग्रजींत एखाद्याच्या तोंडाला फेस आला म्हणजे तो संतापानें बेभान झाला. मराठींत तोंडाला फेस आला म्हणजे माणूस श्रमानें मेटाकुटीस आला. फेस एक, पण इंग्रजाला त्यांत पिसाळलेलें कुत्रें दिसलें आणि आपल्याला नांगराचा दमलेला बैल दिसला. कोणत्या समाजानें कोणत्या प्राण्याजवळ बसून भाषा घडविली, याचा हा एक लहानसा पुरावाच म्हणावा.

परंतु आमच्या जिल्ह्यांत या वाक्प्रचाराला एक तिसरा आणि भयंकर अर्थ आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करतांना शेंकडों शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारें वीस माणसें दगावलीं. अशा औषधांतील कांहीं जातींच्या विषानें शरीरांतील स्राव आवरेनासे होतात. लाळ गळूं लागते, श्वास कोंडतो आणि तोंडाला फेस येतो. त्या वर्षापासून 'तोंडाला फेस येणें' हे शब्द आमच्याकडे सहज उच्चारवत नाहींत. वर्गांत मी या वाक्प्रचाराचा वाक्यांत उपयोग करावयास सांगत असें; त्या वर्षीं मला तें सांगवेना.

येथें एक गोष्ट लक्षांत येते. बैलाच्या तोंडचा फेस श्रमाची साक्ष देतो; फवारणाऱ्याच्या तोंडचा फेस विषाची. लघवीवर येणारा फेस वारंवार दिसूं लागला व विरेनासा झाला तर डॉक्टर मूत्रपिंडांची तपासणी करवितात. फेस आपण होऊन कधींच येत नाहीं. शुद्ध पाणी कितीही घुसळा, बुडबुडे येतात आणि तत्क्षणीं फुटतात. फेस टिकत नाहीं. तो टिकण्यासाठीं पाण्यांत दुसरें कांहींतरी मिसळलेलें असावें लागतें. फेस हा त्या दुसऱ्या वस्तूचा साक्षीदार. साक्षीदार खोटें बोलत नाहीं. मात्र त्याची साक्ष उलटी समजणारे आपण असतों.

माझी चूक ती हीच. आमच्या भागांतील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड. दगडांतील चुना व मॅग्नेशियम त्यांत उतरलेलें असतें. साबण प्रथम त्यांच्याशीं संयोग पावून दह्यासारखा फुटतो. तें सर्व खर्ची पडल्यावर मग कोठें फेस येतो. ब्रिटिश रसायनज्ञांनीं या गोष्टीचा उपयोग पाण्याची जात ओळखण्याकडे केला. थॉमस क्लार्क यानें १८४१ सालीं ठराविक साबणाचें पाणी थेंबाथेंबानें घालून, बाटली हलवून, फेस ५ मिनिटें टिकेपर्यंत किती साबण लागला हें मोजण्याची रीत घालून दिली. त्याच्या हातीं फेस हा तराजू झाला. आमच्या घरीं मात्र तो परमेश्वर झाला. फेस येत नाहीं म्हणजे मळ निघत नाहीं, असें मानून आम्ही साबण घांसघांसून झिजविला; आणि जेव्हां जड पाण्यांतही भरभरून फेसणारी भुकटी आली तेव्हां ती ओंजळीनें ओतूं लागलों. सामान्य विज्ञानाचा तास कधीं माझ्याकडे आला तर मीही मुलांना 'फेस अधिक तेवढी स्वच्छता अधिक' असें सांगत असें. तें चूक होतें. मळ काढण्याचें काम साबणाचे कण करतात. ते तेलकट मळाला वेढून पाण्यांत ओढतात. फेस हा त्यांच्या उपस्थितीचा देखावा, त्यांचें काम नव्हे. धुण्याच्या कांहीं यंत्रांसाठीं तर मुद्दाम कमी फेसाची भुकटी करतात, आणि कपडे स्वच्छ निघतात.

माझी आई रेशमी लुगडीं व सोंवळ्याचे कद रिठ्याच्या पाण्यांत धुवीत असे. रिठा म्हणजे संस्कृत 'अरिष्ट'. अमरकोशांत त्याला 'फेनिल' असेंही नांव दिलें आहे. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या झाडाला जें 'सॅपिंडस' नांव दिलें त्याचा अर्थच 'हिंदी साबण' असा आहे. आई रिठे रात्रीं भिजत घालून सकाळीं कुसकरी, आणि त्या बेताच्या फेसांत रेशीम हलकेंच बुडवून काढी. "फेस डोळ्यांना, पाणी कपड्याला," असें ती म्हणत असे. तेव्हां मला त्याचा अर्थ कळला नाहीं. जुनें तें सर्व निर्दोष, असें मात्र मी म्हणणार नाहीं. रिठ्याचा फेसही माशांना विषारीच असतो. फरक होता तो मापाचा. तिचे पांच-सहा रिठे महिन्यांतून एकदां भिजत. आमची भुकटी रोज भिजते, आणि घरोघर भिजते.

याचें फळ इतरांनीं आपल्या आधीं चाखलें. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत जीं कृत्रिम धावनद्रव्यें आलीं त्यांच्या रेणूंना फाटे होते. पाण्यांतील सूक्ष्म जंतूंना ते पचेनात. १९५० नंतरच्या दशकांत तेथील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला, तो १९६४ सालीं अमलांत आला, आणि अमेरिकेंतील कारखानदारांनींही १९६५ पर्यंत जंतूंना पचणारीं, सरळ साखळीचीं द्रव्यें स्वीकारलीं. आज आपल्याकडेही बहुधा तींच वापरतात. पण जंतूंना तीं पचविण्यास हवा पाहिजे आणि वेळ पाहिजे. मलमूत्रानें गुदमरलेल्या नदींत त्यांना दोन्ही मिळत नाहींत.

हें मीं केवळ पुस्तकांत वाचलें असतें तर कदाचित् विसरलोंही असतों. परंतु मागें एकदां आम्हीं उभयतांनीं आळंदीची यात्रा केली. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावते, देहू व आळंदी या दोन्ही क्षेत्रांना स्पर्श करून तुळापुरास भीमेला मिळते. जिच्या पाण्यांत तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि जिच्या कांठीं ज्ञानदेवांनीं समाधि घेतली, ती ही नदी. घाटावर उभा राहिलों तों पाण्यावर शुभ्र फेसाचे थरच्या थर वाहत होते. अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२४ सालीं, या फेसाचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांतून अनेकांनीं पाहिलीं असतील. वरच्या अंगास वाढलेल्या शहरांचें न शुद्ध केलेलें सांडपाणी आणि कारखान्यांचें पाणी नदींत येतें, त्याचा हा परिणाम.

आमच्या शेजारीं एक वृद्ध वारकरीण बाई पायरीवर बसली होती. तिनें हातानें फेस बाजूस सारला, त्या खालचें पाणी लहानशा बाटलींत भरलें, बाटली कपाळाला लावली आणि पदराखालीं ठेवली. मी तिला सांगणार होतों कीं, आजी, हें तीर्थ घेऊं नका. पण माझी जीभ रेटेना. तें पाणी जिच्या देवघरांत जावयाचें होतें तिला मी काय म्हणून बोलणार ? त्या फेसांतला थोडासा आमच्या सारख्यांच्या मोऱ्यांतूनच आलेला नव्हता काय ? आमची मोरी इंद्रायणीला मिळत नाहीं हें खरें. पण ती कोणत्या तरी नाल्याला मिळते, नाला नदीला मिळतो, आणि त्या नदीच्या कांठींही कोणी तरी बाटली घेऊन बसलेलेंच असतें. "आम्हीं मोरींत सोडलें, नदींत नव्हे," ही आपली सफाई म्हणजे इंद्राच्या शपथेसारखीच झाली. ओल्यानेंही मारलें नाहीं आणि सुक्यानेंही नाहीं.

घरीं परत आल्यावर मीं सूनबाईपाशीं ही गोष्ट काढली. ती पदवीधर आहे, आणि मी कितीही जुना शिक्षक असलों तरी मोरी तिच्या ताब्यांत आहे. ती म्हणाली, "बाबा, नदी माझ्या एका चमच्यानें स्वच्छ होणार आहे का ? शहरांनीं आपलीं गटारें शुद्ध करावीं, कारखान्यांवर सरकारनें नजर ठेवावी." तिचें म्हणणें रास्त आहे, आणि तें मीं तिच्यापुढें मान्यही केलें. मोठें पाप मोठ्या नळांतूनच येतें. तें थांबविणें हें शहरांचें आणि सरकारचें कर्तव्य आहे. तरीही मीं तिला एवढेंच विचारलें कीं, डब्यावर लिहिलेलें माप किती आणि आपण टाकतों किती ? डबा आणून पाहिला. आम्ही दुपटीहून अधिक टाकीत होतों. त्या दिवसापासून डब्यांत एक लहान माप पडलें आहे. फेस कमी येतो. कपडे पूर्वींसारखेच निघतात. महिन्याच्या खर्चांतही थोडी बचत झाली, हें सूनबाईनेंच मला हिशेबाच्या वहींत दाखविलें.

शेवटीं, नातवाला मीं त्या रात्रीं नव्या गादीवर बसवून सांगितलेली गोष्ट येथें सांगतों. धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यु गाई राखीत असे. भिक्षा गुरु घेत; दूध पिण्याची मनाई झाली; तेव्हां वासरें दूध पितांना त्यांच्या तोंडून जो फेस गळे तोच तो पिऊं लागला. गुरूंनीं तोही बंद केला. ते म्हणाले कीं, वासरें दयाळू आहेत. तुझ्यासाठीं तीं अधिक फेस टाकतात, आणि स्वतः उपाशी राहतात.

नातू क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे फेसही कोणाचा तरी असतो ?"

होय बाळा. फेसही कोणाचा तरी असतो. आपण घेतों तो कोणाच्या तरी वाट्याचा असतो, आणि आपण सोडतों तो कोणाच्या तरी वाट्याला जातो.